नवा माणूस सहा महिन्यांत का निघतो? (मिहान, हिंगणा, बुटीबोरी)

वर्धारोडवासी

जून-जुलैत नागपूरजवळच्या मिहान, हिंगणा, बुटीबोरीत नव्या पोरापोरींची भरती होते आणि दिवाळी आटोपली की त्यातल्या कितीतरी खुर्च्या रिकाम्या. का गेले विचारलं तर उत्तर ठरलेलं: पुण्यात जास्त मिळाले. एक्झिट फॉर्मवरही तेच. तिथे दुसरं काय लिहिणार? रिलिव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल (शेवटचा हिशोब) अडकलेलं असताना साहेबाच्या तऱ्हेबद्दल खरं लिहायला कोणी वेडं नाही.

म्हणून हा धागा एक्झिट फॉर्मच्या आधीच्या काळाबद्दल: नोकरी सोडायचा विचार मनात कधी येतो, कशाने येतो आणि तो आधी कसा ओळखायचा. विषय कल्चर फिटचा, म्हणजे माणूस आणि संस्था जुळण्याचा आहे, पण पोस्टरवरच्या 'इंटिग्रिटी' आणि 'टीमवर्क'शी त्याचा फार संबंध नाही.

जुळणं चार ठिकाणी असतं. कामाशी, साहेबाशी, टीमशी आणि एकूण संस्थेच्या रीतीशी. काम आणि साहेब पहिल्या महिन्यातच कळतात. संस्थेची रीत कळायला दोन-तीन महिने जातात, कारण ती काही विशिष्ट प्रसंगांतच उघडी पडते. चूक झाली की पहिला प्रश्न 'काय झालं' असतो की 'कोणी केलं'. साडेसहा वाजले, काम संपलं, पण साहेब केबिनमध्येच आहेत, तर नवा माणूस उठून जाऊ शकतो की मोबाईल चाळत बसून राहतो. रजेचा अर्ज केला की कारण विचारतात की तारीख बघतात. मीटिंगमध्ये सगळ्यात ज्युनियर माणसाला काही विचारलं जातं का, आणि तो बोललाच तर नंतर चहाच्या टपरीवर त्याला 'जास्त हुशारी करू नको बे' असं ऐकावं लागतं का.

बेंजामिन श्नायडर यांनी १९८७ मध्ये हे तीन पायऱ्यांत मांडलं: आपल्यासारख्यांना ती संस्था आकर्षक वाटते, संस्था आपल्यासारखेच निवडते आणि जे वेगळे निघतात ते आपोआप गळतात. यातली तिसरी पायरी म्हणजे आपला विषय. पण गळणारे सगळे चुकीचेच होते असं समजून एचआरने मोकळं व्हायचं, हे काही मला पटत नाही. बरेचदा माणूस बरोबर असतो, त्याला सांगितलेलं चित्र चुकीचं असतं.

जाणकारांनी लिहावं. फक्त आपापल्या कंपनीची गाऱ्हाणी नकोत, उपयोगी पडेल असं लिहा.

---

तर्रीपोहा

राजेहो, एवढं काहून फिरवून राहिले? बावीस हजारांचे पस्तीस हजार मिळत असतील तर कोण थांबेल? कल्चर-बिल्चर पोट भरल्यावरच्या गोष्टी.

---

आकडेशास्त्री

तर्रीपोहा भाऊ, पगाराचं महत्त्व कोणीच नाकारत नाही. पण पगार जॉइन होताना माहीत होता ना? ऑफर लेटरवर सही करताना जो आकडा चालला, तो चार महिन्यांत का खुपायला लागला, हा खरा प्रश्न आहे. समाधानी माणूस नोकरीचं पोर्टल रोज उघडत नाही. आधी काहीतरी बिनसतं, मग रेझ्युमे अपडेट होतो, मग पस्तीस हजारांची ऑफर सापडते. एक्झिट फॉर्मवर फक्त शेवटची पायरी येते.

आता ठोस आकडे. क्रिस्टॉफ-ब्राउन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये १७२ अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला. संस्थेशी जुळणं आणि सोडायचा इरादा यांचा सहसंबंध (० म्हणजे संबंध नाही, उणे म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं) उणे ०.३५ निघाला. कामाशी जुळणं आणि इरादा यांचा उणे ०.४६. म्हणजे नव्या माणसाला हवं ते काम मिळणं हे कल्चरच्याही आधी येतं. पण संस्थेशी जुळणं आणि प्रत्यक्षात सोडून जाणं यांचा सहसंबंध फक्त उणे ०.१४ आहे.

०.३५ आणि ०.१४ यांच्यामधली ही दरी नागपुरात नीट समजून घ्यायला हवी. सोडायची इच्छा असणं वेगळं आणि सोडता येणं वेगळं. मिचेल, ली आणि मंडळींनी २००१ मध्ये 'जॉब एम्बेडेडनेस' मांडलं. माणूस तीन गोष्टींनी रुतलेला असतो: जुळणं, नातीगोती आणि सोडल्यास काय गमवावं लागेल. हे तिन्ही ऑफिसात आणि ऑफिसबाहेरच्या गावातही मोजायचे. मानेवाड्याला स्वतःचं घर, आईवडील सोबत, बायकोची शाळेत नोकरी, असा माणूस गावाशी पक्का रुतलेला असतो. त्याचं ऑफिसशी अजिबात जुळलं नाही तरी तो जात नाही. तो थांबतो, दिलं तेवढंच काम करतो, आणि पुढच्या नव्या मुलाला पहिल्याच आठवड्यात सांगतो, 'इथे काही राम नाही.'

उलट भाड्याच्या खोलीत राहणारा, यवतमाळ किंवा गोंदियाहून आलेला अविवाहित मुलगा जुळत असूनही एका फोनवर पुण्याला जाईल. त्याला नागपूर काय आणि हिंजवडी काय, दोन्हीकडे खोलीच.

त्यामुळे सर्व्हेत 'सोडायचा विचार आहे' हे उत्तर भाकीत म्हणून वाचू नका. ते वातावरणाचं मोजमाप म्हणून वाचा. ज्या विभागात इरादा जास्त आणि प्रत्यक्ष गळती कमी, तो विभाग 'स्थिर' म्हणून एचआरच्या अहवालात शाबासकी मिळवतो. माझ्या मते सगळ्यात आजारी विभाग तोच.

---

बुटीबोरी_सी_शिफ्ट

आयटीवाल्यांचं बोलणं चालू द्या, पण शॉप फ्लोअरवर कल्चर म्हणजे काय ते लिहितो, कारण तिथली गळती पहिल्या नव्वद दिवसांत सगळ्यात जास्त असते.

पहिली गोष्ट, वेळ. बुटीबोरी शहरापासून साधारण तीस किलोमीटर. सकाळी ६ ची शिफ्ट धरायला पूर्व नागपुरातल्या मुलाला पहाटे पावणेपाच-पाचला बस पॉइंटवर उभं राहावं लागतं. ८ तासांची ड्युटी ही दाराबाहेर पडण्यापासून घरी परत येईपर्यंत साडेदहा-अकरा तासांची होते. मुलाखतीत 'बसची सोय आहे' एवढंच सांगतात. कुठला पॉइंट, किती वाजता, बस चुकली तर काय, हे कोणी सांगत नाही. शिफ्ट दर आठवड्याला फिरते की पंधरा दिवसांनी, हेही नाही.

दुसरी गोष्ट, हंगाम. वर्धा, हिंगणघाट, उमरेडकडच्या गावांतून येणाऱ्या मुलांची घरची शेती असते. जूनमध्ये पेरणी, मग पोळा, मग कापूस वेचणी. या दिवसांत गैरहजेरी वाढते हे दरवर्षीचं आहे, तरी दरवर्षी सुपरवायझर 'न सांगता गेला' म्हणून हजेरीतून नाव काढतो. रजेचं कॅलेंडर जूनच्या आधीच गावाप्रमाणे आखलं आणि एका लाईनवरून एका वेळी किती जण जाऊ शकतात ते ठरवलं, तर यातले बरेच परत येतात. जाताना भांडण झालेलं असेल तर माणूस परत येत नाही, शेजारच्या प्लांटच्या गेटवर उभा राहतो.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं तीच घालवते. शिफ्ट बदलतानाचा हँडओव्हर.

दुपारी दोनला शिफ्ट संपते, बस सव्वादोनला सुटते. जाणारा जुना ऑपरेटर एक पन्नासलाच हात धुवायला निघतो. येणारा नवा ट्रेनी मशीनवर उभा राहतो तेव्हा मशीन चालू असतं, पण सेटिंग सरकलेलं असतं, किंवा टूल संपत आलेलं असतं, आणि लॉगबुकमध्ये 'ओके' लिहिलेलं असतं. पहिल्या वीस मिनिटांत जो माल रिजेक्ट होतो तो ट्रेनीच्या नावावर चढतो. संध्याकाळी शिफ्ट इन्चार्ज चार जणांसमोर विचारतो, 'डिप्लोमा कुठून केला रे?' हे तीनदा झालं की मुलगा येणं बंद करतो. फोनही उचलत नाही. फाईलला लागतं 'ॲबस्काँडिंग' (न सांगता पळाला).

उपाय महाग नाही:

शिफ्ट पंधरा मिनिटं एकमेकांवर चढवा आणि बसची वेळ त्याप्रमाणे पुढे सरकवा. बस सरकवली नाही तर बाकी सगळं कागदावरच राहतं. वाढीव मिनिटं हजेरीत धरा, नाहीतर जुने लोक पहिल्या आठवड्यातच मोडता घालतील.

लॉगबुकमध्ये 'ओके' लिहायला बंदी. तीनच रकाने ठेवा: शेवटच्या दोन तासांतलं रिजेक्शन किती, टूल किंवा डाय शेवटची कधी बदलली, मेंटेनन्सला कळवलेलं पण न झालेलं काम कोणतं. दोघांची सही.

पहिल्या अर्ध्या तासाचं रिजेक्शन दोन्ही शिफ्टच्या खात्यावर अर्धं-अर्धं. जुना ऑपरेटर मग आपोआप थांबून सांगतो.

मे महिन्याचं वेगळंच. पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा फर्नेसजवळ किंवा पत्र्याच्या शेडखाली नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून पूर्ण शिफ्ट उभं करू नये. उष्णता अंगवळणी पडायला एक-दोन आठवडे लागतात. पहिल्या दिवशी गरम जागी पाचव्या हिश्श्याइतकाच वेळ, मग रोज तेवढाच वाढवत न्यायचा. जुने लोक हसतात, 'नाजूक आहे' म्हणतात. त्या हसण्यालाच कल्चर म्हणतात, भाऊ.

---

तर्रीपोहा

हँडओव्हरचं एकदम बरोबर. आणि कॅन्टीनचं लिहायचं राहिलं. ठेकेदाराच्या माणसाची वेगळी रांग, वेगळ्या रंगाचा गेटपास. काम तेच, मशीन तेच. तिथे 'वी आर फॅमिली'चा बोर्ड लावतात बाप्पा.

---

एमबीए_दुसरं_वर्ष

नमस्कार. माझा प्रोजेक्टचा विषय जवळपास हाच आहे: नव्या कर्मचाऱ्यांचं संस्थेशी जुळणं आणि सोडण्याचा इरादा. गाइड सरांनी प्रश्नावली करायला सांगितली आहे. जुळणं मोजायचं कसं हे कोणी सोपं करून सांगेल का? आणि गूगल फॉर्म एचआरमार्फत पाठवला तर चालेल का?

---

आकडेशास्त्री

दोन रस्ते आहेत. पहिला, सरळ विचारायचं: 'माझी मूल्यं आणि इथली मूल्यं जुळतात असं मला वाटतं', सहमती १ ते ५. सोपं आहे, पण मूड खराब असेल तर माणूस सगळ्याच प्रश्नांना २ देतो.

दुसरा रस्ता ओ'रायली, चॅटमन आणि कॉल्डवेल यांचा, १९९१ चा. मूल्यांची ५४ कार्डं, ती नऊ ढिगांत लावायची, २-४-६-९-१२-९-६-४-२ अशी. नव्या माणसाने 'मला काय हवं' म्हणून लावायची, जुन्या जाणत्यांनी 'इथे खरंच काय चालतं' म्हणून लावायची, आणि दोन्हींचा सहसंबंध काढायचा. विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला ५४ झेपत नाहीत. आठ-दहा विधानं घेऊन क्रम लावायला सांगा. नमुना देतो. आधी नव्या मुलीचा क्रम, मग विभागातल्या जुन्या पाच-सहा जणांनी मिळून लावलेला क्रम:

चूक लगेच सांगता येणं: १, ६
वेळेवर घरी जाणं: २, ८
शिकायला वेळ मिळणं: ३, ५
कामाची पद्धत लिहिलेली असणं: ४, ३
मिळून काम करणं: ५, ४
टार्गेट पूर्ण करणं: ६, १
वरिष्ठांचा मान राखणं: ७, २
नवी कल्पना करून पाहणं: ८, ७

प्रत्येक ओळीतल्या फरकाचा वर्ग: २५, ३६, ४, १, १, २५, २५, १. बेरीज ११८. स्पिअरमनचं सूत्र (दोन क्रमांचा सहसंबंध काढायचं): १ वजा (६ गुणिले ११८) भागिले (८ गुणिले ६३), म्हणजे १ वजा ७०८/५०४. उत्तर उणे ०.४०. ही मुलगी आणि हा विभाग उलट्या दिशांना तोंड करून आहेत.

पण एकट्या आकड्यावर थांबू नका. आठच विधानं असताना तो दोन ओळींनी बराच हलतो. ओळी बघा. सगळ्यात मोठी दरी 'वेळेवर घरी जाणं'वर आहे, २ विरुद्ध ८. कल्चरची एवढी चर्चा करून शेवटी प्रश्न बसच्या वेळेचा निघू शकतो. आणि हे निवड करताना चाळणी म्हणून अजिबात वापरू नका. उमेदवाराला नोकरी हवी असते, तो तुम्हाला हवा तसाच क्रम लावेल.

इरादा मोजायला तीन विधानं पुरतात: सोडायचा विचार वारंवार येतो का, येत्या वर्षात दुसरी नोकरी शोधण्याची शक्यता किती, आणि पुन्हा निवडायची वेळ आली तर हीच संस्था निवडाल का. तिसऱ्याचे गुण उलटे करायला विसरू नका. निम्मे प्रोजेक्ट तिथेच फसतात, क्रोनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत त्याचा आकडा) ०.७० च्या कितीतरी खाली येतो आणि मग विद्यार्थी विधानच काढून टाकतात.

जुळणं आणि इरादा एकाच दिवशी, एकाच कागदावर विचारू नका. संबंध फुगतो. आज जुळणं विचारा, दोन-तीन आठवड्यांनी इरादा. दोन कागद जोडायला नाव नको, कोड घ्या: आईच्या नावाचं पहिलं अक्षर, स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, मोबाईलचे शेवटचे दोन अंक.

एचआरमार्फत फॉर्म? नको. कंपनीच्या ईमेलवरून तर नकोच. 'नाव गुप्त राहील' असं लिहून लॉगिन मागणारा फॉर्म पाठवला की सगळे ४ आणि ५ देतात. परवानगी एचआरची घ्या, लिंक किंवा क्यूआर कोड कॅन्टीनमध्ये लावा. पाचपेक्षा कमी माणसांच्या टीमचा निकाल वेगळा दाखवू नका, कोणी काय लिहिलं ते लगेच ओळखू येतं.

हातात येणारा पगार, प्रवासाचा वेळ, शिफ्ट, आणि घर स्वतःचं की भाड्याचं, हे चार प्रश्न ठेवाच. हे नियंत्रणात घेतले नाहीत (म्हणजे त्यांचा परिणाम वेगळा काढला नाही) तर व्हायव्हाला तर्रीपोहा भाऊंसारखा परीक्षक भेटेल.

पुढे जायचं असेल तर एडवर्ड्स यांचा आक्षेप वाचा. 'माणसाचे गुण वजा संस्थेचे गुण' अशा नुसत्या फरकात दोघंही ५-५ असणं आणि दोघंही १-१ असणं एकच दिसतं. त्यावर दोन्ही गुण वेगवेगळे ठेवून हिशोब करणाऱ्या पॉलिनॉमियल रिग्रेशनचा उपाय आहे. पदव्युत्तर प्रोजेक्टला ते सक्तीचं नाही, पण मर्यादांच्या परिच्छेदात लिहिलं तर सर खूश होतील.

---

ऑरेंजलाइन

मिहानच्या आयटीबद्दल. इथे संस्थेच्या आधी कामाशीच जुळत नाही. मुलाखत जावाची, ट्रेनिंग जावाचं, आणि प्रोजेक्ट मिळतो सपोर्टचा, तिकीट उघडा-बंद करा, तेही रात्रीच्या शिफ्टला. वर आकडेशास्त्रींनी उणे ०.४६ सांगितलं ते इथे डोळ्यांनी दिसतं.

दुसरं, नोटीस पीरियडचा कडा. पुष्कळ ठिकाणी प्रोबेशनमध्ये १५ किंवा ३० दिवसांची नोटीस आणि कन्फर्मेशननंतर थेट ९० दिवसांची. ज्याच्या मनात किंचित शंका आहे तो पाचव्या महिन्यातच निर्णय घेऊन टाकतो, कारण सहाव्या महिन्यानंतर ९० दिवस थांबणारी पुढची कंपनी शोधावी लागते. म्हणजे विचार करायला वेळ हवा असलेल्या माणसाला आपणच ढकलतो. कन्फर्मेशननंतर ४५ आणि दोन वर्षांनी ६० अशी चढण केली तर हा पाचव्या महिन्याचा ढीग मोडतो. तसंच पहिलं 'कसं चाललंय' विचारणं कन्फर्मेशनच्या वेळी नको, तोवर उशीर झालेला असतो.

३०, ६० आणि ९० दिवसांच्या भेटी ठेवा, पण प्रश्न बदला. 'कसं वाटतंय?' याला नागपुरात एकच उत्तर आहे, 'मस्त चालू आहे सर.' त्याऐवजी:

३० व्या दिवशी: मुलाखतीत सांगितलं होतं त्यातलं काय वेगळं निघालं?
६० व्या दिवशी: मागच्या पंधरा दिवसांत कोणत्या दिवशी घरी गेल्यावर सगळ्यात जास्त वैताग होता, आणि त्या दिवशी काय झालं होतं?
९० व्या दिवशी: तुमच्या मित्राला या टीममध्ये बोलवाल का, आणि त्याला आधीच काय सांगून ठेवाल?

तिसऱ्या प्रश्नात माणूस स्वतःबद्दल न बोलता सगळं सांगून टाकतो. भेट थेट साहेबाने घेऊ नये, साहेबाच्या साहेबाने किंवा शेजारच्या टीमच्या लीडने घ्यावी. आणि काही बदलणार नसेल तर विचारूच नका. ३० व्या दिवशी सांगितलेलं ६० व्या दिवशी तसंच असेल, तर ९० व्या दिवशी परत 'मस्त चालू आहे'.

बडीबद्दल (नव्याला सोबत करणारा जुना सहकारी) थोडं. बडी हा रिपोर्टिंग लाईनमधला नको, एक ते तीन वर्षं जुना हवा, एका वेळी एकच नवा माणूस. पहिला आठवडा रोज अर्धा तास, मग सहा आठवड्यांपर्यंत आठवड्यातून दोनदा. आणि तेवढे तास त्याच्या प्लॅनमधून कमी करा. हे शेवटचं कोणीच करत नाही, मग बडी दुसऱ्या दिवशी विकीची लिंक पाठवून मोकळा होतो. चॅटमन यांनी १९९१ मध्ये आठ मोठ्या अकाउंटिंग फर्मांमधले १७१ नवे ऑडिटर अभ्यासले. ज्यांना पहिल्या वर्षात मार्गदर्शकासोबत जास्त वेळ आणि लोकांत मिसळायला जागा मिळाली, त्यांचं संस्थेशी जुळणं त्या वर्षात वाढलं. म्हणजे जुळणं जन्मजात नसतं, पण आपोआपही होत नाही.

पहिल्या दिवशीचं किरकोळ वाटणारं: सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) गेटवरचा पास, लॅपटॉप, लॉगिन, बसायची जागा. लॉगिन सहाव्या दिवशी मिळालं तर पाच दिवस मुलगी कॅन्टीन आणि टॉयलेट एवढंच बघत बसते, आणि त्या पाच दिवसांत तिला कळतं की आपली कोणी वाट पाहत नव्हतं. आयटीला तिकीट जॉइनिंगच्या दहा दिवस आधी टाका. खापरी मेट्रो स्टेशनवरून कॅम्पसपर्यंत फीडर आहे की नाही, रात्रीच्या कॉलनंतर कॅब मिळते की नाही, हे ऑफर लेटरसोबतच्या ईमेलमध्ये लिहा.

---

सदरकर

चर्चा चांगली चाललीय, पण एक इशारा. 'कल्चर फिट' हा शब्द निवड समितीत फार सोयीने वापरला जातो. 'हुशार आहे, पण आपल्यातला वाटत नाही.' आपल्यातला म्हणजे काय? त्याच कॉलेजचा, त्याच बोलीचा, त्याच आडनावांचा. नागपुरात 'पूर्ण नाव काय?' आणि 'मूळचे कुठले?' हे दोन प्रश्न कशासाठी विचारले जातात ते विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. जे उमेदवार हे ओलांडून आत येतात त्यांना पहिल्या जेवणाच्या सुट्टीत तेच परत विचारलं जातं. त्यांच्या सोडण्याच्या इराद्याला 'फिट नव्हता' म्हणणं म्हणजे दोष उलटा टाकणं आहे.

व्यवहारात करता येईल ते असं. मुलाखत घेणाऱ्या दोघांनी गुण वेगवेगळे, एकमेकांशी बोलण्याआधी लिहायचे. 'फिट' हा रकाना काढून त्या जागी वागणुकीचे तीन प्रश्न: चूक कळल्यावर काय केलं, वरिष्ठांशी मतभेद झाला तेव्हा काय केलं, घाईचं काम आणि नियम यांत ओढाताण झाली तेव्हा काय केलं. आडनाव, गाव, लग्न, 'घरचे रात्रपाळीला पाठवतील का', हे प्रश्न बंद. रात्रपाळी आहे हे सगळ्यांना सारखंच सांगायचं, पुरुषांनाही.

सुट्ट्यांची यादी हा तर कल्चरचा सगळ्यात प्रामाणिक कागद. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ८ पगारी सणसुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या, उरलेल्या चार कर्मचाऱ्यांशी ठरवून घ्यायच्या. हे 'ठरवून' किती ठिकाणी होतं? हेड ऑफिस बंगळुरूला असेल तर यादी तिकडून छापून येते. त्यात १४ एप्रिल नसतो, मारबतीच्या दिवशी अर्धं शहर रस्त्यावर असताना हजेरी सक्तीची असते. वर्ष सुरू होण्याआधी बैठक घ्या आणि त्या बैठकीत नव्यांनाही बसवा. त्याच कायद्यात वर्षाला ८ किरकोळ रजा आहेत, त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. नव्याला हे पहिल्या दिवशी लेखी द्या, म्हणजे दोन दिवसांच्या रजेसाठी त्याला साहेबासमोर घरचं दुखणं सांगत बसावं लागणार नाही.

परप्रांतीयांचंही तेच. रुग्णालयांत केरळच्या नर्सेस येतात. ड्युटी हँडओव्हर मराठी-हिंदीच्या मिश्रणात भराभर उरकला जातो, तिला अर्धं कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. हँडओव्हर लेखी, ठरलेल्या नमुन्यात करा. पेशंटसाठीही तेच सुरक्षित.

---

तर्रीपोहा

सदरकर साहेब, बॉण्डचं सांगा. दोन वर्षं सोडायचं नाही, नाहीतर दीड लाख भरा. याने थांबतात का पोरं?

---

सदरकर

थांबतात, पण कसे, ते वर आकडेशास्त्रींनी लिहिलंच आहे: मनाने गेलेले, देहाने हजर.

कायद्याचं थोडक्यात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची अट वैध ठरवली: तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख रुपये. नोकरी चालू असतानाची अशी अट करार कायद्याच्या कलम २७ मधली व्यवसायबंदी ठरत नाही, असा त्याचा आशय. पण तिथे जाहिरात देऊन, खुली परीक्षा घेऊन भरती करण्याचा सरकारी बँकेचा खर्च हाही मुद्दा होता. खासगी कंपनीने कोणताच खास खर्च न करता मोठा आकडा लिहिला तर त्याच कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी भरपाईचा प्रश्न येतोच. बॉण्ड असेल तर तो ऑफरच्या आधी दाखवा, जॉइनिंगच्या दिवशी सहीसाठी पुढे सरकवू नका, आणि रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल अशी ठेवा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची पद्धत तर ताबडतोब बंद करा.

आणि फुल अँड फायनल ४५ दिवसांनी द्यायची सवय मोडायला हवी. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. राजीनामा दिलेल्याचंही वेतन त्याच्या शेवटच्या दिवसानंतर दोन कामकाजी दिवसांत द्यायचं आहे. जाणाऱ्याला कसं वागवतात हे उरलेले नवे लोक फार बारकाईने बघत असतात.

---

वर्धारोडवासी

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं. आकडेशास्त्री, एक विचारायचं राहिलं. गळती मोजताना बहुतेक जण सोडून गेलेल्यांना सरासरी मनुष्यबळाने भागतात. नव्यांसाठी ते चालतं का?

---

आकडेशास्त्री

नाही चालत. समजा ४०० जणांचा प्लांट, एप्रिल-जूनमध्ये ४० नवे घेतले, त्यातले ९ नव्वद दिवसांत गेले. ९ भागिले ४०० केलं तर सव्वादोन टक्के, अहवाल गोंडस. ९ भागिले ४० केलं तर साडेबावीस टक्के. नव्यांसाठी भाजक नेहमी त्या तुकडीत जॉइन झालेल्यांचा. प्रत्येक तुकडी ३०, ९०, १८० आणि ३६५ दिवसांवर मोजा, आणि ज्या तुकडीचे ९० दिवस अजून भरले नाहीत ती ९० च्या रकान्यात धरू नका, नाहीतर आकडा उगाच छान दिसतो.

मग तोच तक्ता सुपरवायझरप्रमाणे फोडा. प्लांटचं कल्चर एक आणि चार लाईनींचे आकडे चार असतील, तर पोस्टर बदलण्याआधी कुठल्या लाईनवर जाऊन उभं राहायचं ते कळतं.

---

बुटीबोरी_सी_शिफ्ट

आणि उभं राहायचं असेल तर दुपारी पावणेदोन ते सव्वादोन. सकाळी दहाच्या राउंडला सगळ्याच लाईनी चांगल्या दिसतात.